मध्यम माप

धाकट्या,

ताईचा आशीर्वाद. मी मजेत आहे, नव्या खोलीत सकाळचं ऊन येतं.

तुझा मेसेज कारखान्यात, कापड कापता कापता वाचला. अंडाशयाच्या कॅन्सरनंतर पाच वर्षांनी शंभरातल्या किती बायका उरतात, हे शोधायला तुला कुणी सांगितलं होतं? आईच्या कानावर घातलंस तर याद राख!

अरे, इथे हजारो बायकांची मापं घेऊन मध्यम माप ठरवतात. ते आपल्या आईला कधी बसलंय का? खांद्यात ढगळ, दंडात घट्ट. जन्मभर ती तयार कपडे उसवत आली.

हे लिहून जरा बरं वाटलं. पण मध्यम माप पुष्कळजणींना बसतं, हेही मला ठाऊक आहे. तेच तर सगळ्यात जास्त खपतं.

केमोनंतर दोन घास जातात का तिला? बाबा अजून तिच्यासमोर उगीच मोठ्यानं हसतात का? तिला कळतं म्हणावं.

पुढच्या थंडीसाठी तिचा कोट शिवायला घेतेय. छाती, कंबर, दंड मोजून कळव. ती म्हणेल, "जुनंच माप कळव, पोरीला घोर नको." ऐकू नकोस. जे भरेल तेच लिही.

कितीही कमी भरलं तरी शिवणीत मी माया भरपूर ठेवणार आहे. तुला शिवणातलं ओ की ठो कळत नाही म्हणून सांगते, माया म्हणजे आत राखलेलं जास्तीचं कापड. ती पुन्हा अंगानं भरली की उसवायला.

तुझ्यावर ओरडलेली, तुझीच
ताई