अकरा घड्याळं आणि एक वेल

४ जून

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

पोहोचल्याचं पत्र मिळालं. नात तुमच्यावर गेलीय म्हणता, म्हणजे त्या घराला आता धाक राहील. इथे सगळं जागच्या जागी आहे. दुकान चालू आहे, गुडघा कुरकुरतो, स्वयंपाकाचं म्हणाल तर पोट भरतं आणि नावं ठेवायला कोणी नाही.

वेलाची अजिबात काळजी करू नका. दादाने निवृत्तीच्या दिवशी ऑफिसच्या खिडकीतून फांदी तोडून आणली, तेव्हापासून तुम्ही त्या मनीप्लांटला दुसऱ्या कोणाचा हात लागू दिला नाही. निघताना माझ्या हवाली केलात, ही जबाबदारी मी ओळखून आहे. सकाळी ठीक आठला अकराही टेबलघड्याळांना चावी देतो आणि लगेच वेलाला एक तांब्या पाणी. एक दिवस चुकलेला नाही. कुंडीतलं पाणी खालच्या फळीवर घड्याळांवर ठिबकत होतं, म्हणून कुंडीचं भोक मेणाने पक्कं बुजवलं. आता थेंब गळेल तर शपथ. दोन पानं पिवळी पडलीत, पण वयानुसार व्हायचंच. माझेही केस राहिलेत कुठे?

पुतणीने लिहिलंय की आईला आता कायमचीच ठेवून घेणार, खोलीही रंगवून घेतली. चांगलंच आहे, तुमची सोय होईल. काय ठरतंय ते सवडीने कळवा.

लोभ आहेच, तो पत्राने ताजा ठेवावा.

आपला,
धाकटा

१२ जून

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून हसावं की कपाळावर हात मारावा कळेना. अहो, तो वेल आहे, घड्याळ नाही! त्याला रोजची चावी लागत नाही. आठ-दहा दिवसांतून एकदा पाणी, तेही मातीत दोन पेरं बोट घालून पाहायचं आणि कोरडं लागलं तरच. आणि कुंडीचं भोक कोणी बुजवतं का? पाणी जाणार कुठे? मुळांनाही श्वास लागतो. आधी ते मेण काढा. मुळं काळी आणि मऊ पडली असतील तर कुंडीत काही राम नाही असं समजा. मग वरचा वेल कापून त्याचे तुकडे पाण्यात ठेवा. प्रत्येक तुकड्याला निदान एक गाठ हवी, कारण मूळ गाठीतूनच फुटतं. नुसतं पान ठेवाल तर नुसतंच पान राहील.

चूक माझीही आहे. निघायच्या घाईत गाडीत खायचं काय ते दहादा सांगितलं आणि पाण्याचं एकदाही नाही.

इथे मुलगी कौतुकाने जमिनीवर पाय ठेवू देत नाही. जावईही रोज विचारतात, आता इथेच राहणार ना. मी अजून हो म्हटलेलं नाही, नाहीही म्हटलेलं नाही. गुडघ्याला शेक घ्या.

लोभ असावा, पण पाण्यासारखा रोज ओतू नये.

तुमची,
वहिनी

१९ जून

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

तुमचं पत्र काल आलं, तोवर उशीर झाला होता. मेण काढलं तर कुंडीतून घाण वासाचं पाणी आलं. मुळं हातात घेतली तशी सुटून आली, काळी ठिक्कर. करायला गेलो एक आणि झालं भलतंच.

दाराच्या चौकटीवरून दादाच्या फोटोपर्यंत गेलेला एकोणीस फुटांचा वेल. कात्री घेऊन स्टुलावर उभा राहिलो आणि तसाच उतरलो. असं तीनदा झालं. आयुष्यभर केसाएवढ्या स्प्रिंगा हाताळल्या, पण काल एक कात्री चालवायला धीर होईना. शेवटी धड असलेले सात तुकडे मिळाले, प्रत्येकाला गाठ आहे. औषधाच्या सात बाटल्यांत पाणी घालून खिडकीशी ठेवलेत. भिंत उघडी पडलीय, खिळे तेवढे दिसतात.

आता खरं सांगतो. पानं दोन नाही, नऊ पिवळी होती. खोटं लिहिलं, कारण वेल गेला तर तुम्हाला परत यायला इथे काय उरलं, असं मनात आलं. तुमची सोय होईल हे वाक्यही मनाविरुद्ध लिहिलं होतं.

मी नऊ वर्षांचा असताना दादाचं अलार्मचं घड्याळ उघडलं आणि ते पुन्हा जुळेना. तुम्हाला लग्न होऊन महिनाही झाला नव्हता. तुमच्या हातून पडलं असं तुम्ही दादाला सांगितलंत, बोलणी खाल्लीत, आणि वर मला स्प्रिंगा ठेवायला बिस्किटाचा रिकामा डबा दिलात. माझं दुकान, माझं पोट, सगळं त्या डब्यावर उभं आहे. एक्कावन्न वर्षांत तुमचे आभार मानले नाहीत, आणि मानतोय ते तुमचा वेल बुडवून.

राग आला तर तोही कळवावा, पण लिहिणं थांबवू नये.

आपला,
धाकटा

२८ जून

चि. भावजींस,
अनेक आशीर्वाद.

वेल गेल्याचं वाईट वाटलं. खोटं कशाला सांगू, थोडी रडले. मग तुमचं पत्र पुन्हा वाचलं, आणि दुसरं रडू आलं ते पहिल्यापेक्षा मोठं होतं.

डब्याची गोष्ट तुम्ही अर्धीच लिहिलीत. तुम्हाला स्वतःचं नाक पुसता येत नव्हतं, तेव्हापासून मी तुम्हाला अहो-जाहो करतेय, म्हणून उरलेली अर्धी ऐका. मी त्या घरात आले तेव्हा माझ्याशी सगळे कामापुरतं बोलत. दुपार सरता सरत नसे. तुम्ही मात्र शाळेतून आलात की घड्याळ बघून ओट्याशी यायचात आणि सांगायचात, वहिनी, साडेपाच वाजले, आता दादा येईल. एकदा नाही, वर्षभर रोज. मला घड्याळ कळत नाही अशी तुमची समजूत होती आणि मी ती मोडली नाही. कोणीतरी आपल्याला सांगायला येतंय, एवढ्यावर मी तिथे टिकले. मग एका घड्याळाचं खापर डोक्यावर घेतलं ते काय मोठं? आभार मानायचेच तर आधी माझे मोजून घ्या.

वेल ही यांची आठवण होती, पण मी वेलासाठी घरी येते असं वाटलंच कसं? इथलं घड्याळ आवाज करत नाही. तुमची अकरा कधी एका सुरात वाजत नाहीत, पण त्यांच्याशिवाय मला घरात असल्यासारखं वाटत नाही. मुलीला सांगितलं, सुट्टीत येत जाईन, राहणार माझ्या घरी. ती आधी रागावली, मग रडली, मग तिनेच तिकीट काढून आणलं. वीस जुलैच्या गाडीने निघते, एकवीसला पोहोचेन. बाटल्यांतलं पाणी चार दिवसांनी बदला. रोज नाही!

भेटीपर्यंत लोभ जपून ठेवावा.

तुमची,
वहिनी

१० जुलै

ती. वहिनींस,
सा. न. वि. वि.

चार तुकडे कुजले, ते टाकले. दोघांचं अजून काही खरं नाही. पण खिडकीकडून तिसऱ्या बाटलीत काल गाठीवर पांढरा ठिपका दिसला. डोळ्याला भिंग लावून पाहिलं. मूळच आहे, तांदळाच्या अर्ध्या दाण्याएवढं. नवी कुंडी आणलीय, भोकाची. खाली बशी ठेवलीय आणि घड्याळं दुसऱ्या फळीवर हलवलीत. भिंतीवरचे खिळे काढलेले नाहीत.

स्टेशनवर जाऊन चौकशी केली. तुमची गाडी संध्याकाळी साडेपाचला येते. त्या दिवशी दुकानाला कुलूप लावतोय, तीस वर्षांत पहिल्यांदा. मी पाचपासून फलाटावर असेन. तुम्ही उतरलात की वेळ सांगेन. तुम्हाला घड्याळ कळतं हे आता कळलंय, तरी सांगेन.

आपला,
धाकटा