काजळी निघाली, बर्फ पातळ झाला

१ डिसेंबर
बर्फगाडी दम खातेय. चाळीसच्या पुढे जायला तयार नाही. शेजारच्या हेलमेरनं नुसता आवाज ऐकला आणि कुंपणापलीकडून ओरडला, गुनवोर, एक्झॉस्टचे व्हॉल्व्ह काजळीनं चिकटलेत, शनिवारी येऊन साफ करून देतो. मी म्हटलं, तुझा शनिवार इस्टरला उजाडतो, आधी स्वतःच्या मिशा साफ कर. हसला मेला.
माझा नवरा ऐनार जाऊन चार वर्षं झाली. गाडी त्याची, पण आता माझी. टू-स्ट्रोक म्हणजे काय, पेट्रोलबरोबर ऑइल जळतं आणि धुराच्या वाटेत काजळी धरते. चूलच की! चुली मी पन्नास वर्षं साफ केल्यात.
ठरलं. व्हॉल्व्ह मीच साफ करणार. तेरा तारखेला, लुसियाच्या सणाला, गोठलेल्या तळ्यापलीकडून टिराला आणायचंय. थोरली बहीण, एक्याऐंशीची, एकटी. तिचा ख्रिसमस माझ्याकडेच.

४ डिसेंबर
आज करणार होते. उणे सव्वीस. पाना हाताला चिकटला. उद्या नक्की.

७ डिसेंबर
दुकानात बायकांना सांगून टाकलं, व्हॉल्व्ह साफ झाले. झाले म्हणजे होणारच आहेत. नेमका हेलमेर तिथे. कशानं साफ केलेस म्हणाला. मी म्हटलं, बायकांचं गुपित. तर म्हणे रॉकेल आणि मऊ ब्रश, दुसरं काही वापरू नकोस, वरचं कव्हर ॲल्युमिनियमचं असतं. मी म्हटलं, गावच्या शाळेत सहा वर्षं काढली ती काय झोपून? सगळ्या हसल्या. मजा आली.

९ डिसेंबर, सकाळ
आन्नाचा सण, मासा भिजत घालायचा दिवस. ख्रिसमसचा सुका मासा कॉस्टिक सोड्याच्या पाण्यात घातला. मग व्हॉल्व्हही काढले. स्क्रू, स्प्रिंग, दोन पाती, कव्हरं. पात्यांवर बोटभर काळं डांबर. घासायचा कंटाळा आला. लाकडासारखा मासा ज्या पाण्यात मऊ होतो, त्यापुढे काजळीची काय टाप? दुसरी बादली भरली. सगळं आत.
लगेच बुडबुडे! निघतेय, निघतेय.

दुपार
अजून बुडबुडे. पाणी आपोआप गरम झालंय. हेलमेरच्या रॉकेलला जमेल का हे?

१० डिसेंबर
काजळी गेली. कव्हरंही गेली, सोड्यानं ॲल्युमिनियम खाल्लं. उरली ती चाळणी. पाती चकाचक आहेत, पण बसवायची कशात?
लुलेओच्या गाडीदुकानात फोन केला. नवीन कव्हरं सत्तावीस तारखेनंतर.
हेलमेरला सांगायला हवं. सांगेन. आज नको, आज त्याची पाठ दुखतेय.

१३ डिसेंबर
टिराचा फोन. बॅग भरून, टोपी घालून सकाळपासून बसलीये म्हणाली. आता काय सांगणार? तोंडातून निघून गेलं: निघाले होते गं, पण तळ्यातल्या खडकापाशी बर्फ करकरला, पातळ आहे, परत फिरले.
बराच वेळ गप्प होती. मग म्हणाली, बरं केलंस फिरलीस.
एवढंसं तर खोटं. कुणाचं काय बिघडलं?

१४ डिसेंबर
टिरानं अख्ख्या गावाला फोन केले. करणारच. बर्फाची बातमी इथे कुणी स्वतःजवळ ठेवत नाही. आणि बर्फाबद्दल कुणी खोटं बोलत नाही, दारुडेसुद्धा नाही.
पुरुषांनी तळ्यावरची वाट बंद केली, स्प्रूस झाडाच्या फांद्या बर्फात ओळीनं रोवून. पलीकडे जाणारी नर्स रस्त्यानं गेली, नव्वद किलोमीटर. हेलमेर ड्रिल घेऊन बर्फ मोजायला गेला. खिडकीतून दिसत होता. वाकायचा, उठायचा, चार पावलं पुढे, परत वाकायचा. पडदा ओढला.
टिराचा नवरा त्याच खडकापाशी गाडीसकट बर्फाखाली गेला होता. काल फोनवर ती का गप्प झाली ते मला तेव्हाच कळलं होतं. काल लिहिलं नाही.

१५ डिसेंबर
हेलमेर आला. दाढीत बर्फ, दोन बोटं पांढरीफटक. म्हणाला, एकतीस भोकं पाडली, सगळीकडे चाळीस सेंटीमीटर जाड आहे, पातळ जागा मला काही सापडली नाही. नकाशा पसरला. नक्की कुठे करकरला ते दाखव, टिराला त्याच वाटेनं आणायचंय, चूक नको.
मी बोट ठेवलं. खरंच ठेवलं.
त्यानं तिथे पेन्सिलनं फुली मारली, टोपी घातली, ड्रिल उचललं. पायरीवर पोचला तेव्हा मी बोलले. आत बोलावून बादली दाखवली.
बादलीत बघत उभा राहिला. शिव्या देईल वाटलं. स्वतःचा कॉफीचा कप धुतला, पालथा ठेवला, गेला.

१६ डिसेंबर
हेलमेरनं टिराला आणलं. ती सरळ आतल्या खोलीत गेली. टोपी काढली नाही.
मी कुऱ्हाड घेऊन तळ्यावर गेले. फांद्या मीच काढायच्या हे कुणाला सांगावं लागलं नाही. चौदा होत्या, बुडाशी गोठलेल्या. गाव दुकानापाशी उभं राहून बघत होतं. मी ओरडले, काय रे, तिकीट लावलंय का?
कुणी हसलं नाही.
अकरा निघाल्या. तीन उद्या.