पट्टी बदलायचं बटण

प्रिय ताई,

दोन वर्षांनी माझं पत्र आलं म्हणून आधी पाकीट उलटंसुलटं करून बघशील. ते झालं असेल तर वाच. घरी सगळे ठणठणीत आहेत. आजारी आहे तो आपला कीबोर्ड, आणि तो बदलायचा की नाही हे तुला विचारल्याशिवाय मला ठरवता येईना. तू माझ्याशी बोलत नाहीस, हे ठाऊक आहे. पण आता पुरे झालं गं ते.

सोळा वर्षं झाली त्याला. थोबाडीत मारल्याशिवाय चालू होत नाही. मध्येच लहर आली की आपणहून ताल सुरू करतो. गेल्या महिन्यात एका शाळेच्या शोकसभेत प्रार्थनेची साथ करायला गेलो, तर दोन मिनिटांच्या शांततेत पठ्ठ्याने डिस्को लावला! मी प्लग उपटेपर्यंत मुख्याध्यापकांनी पायाने ठेका धरलासुद्धा होता. तुझी भावजय म्हणते, घरातल्या दोन जुन्या वस्तूंपैकी एक तरी बदला, आणि तुम्हाला काही कुठलं दुकान परत घेणार नाही.

त्यात पट्टी बदलायचं बटण मेलं, तेही नेमकं तुझ्या पट्टीवर, 'काळी चार'वर, अडकून. आता गायला कुणीही येवो, गायचं तुझ्याच पट्टीत. आपल्या कार्यक्रमांत तुझ्या जागी हल्ली एक दातांचे डॉक्टर गातात. भला माणूस, पण वरच्या सुरांना डोळे बाहेर येतात बिचाऱ्याचे. परवा म्हणाले, माझ्या खुर्चीत बसल्यावर पेशंटला काय वाटतं ते आता कळलं. हाताने पट्टी बदलून वाजव, असं तू म्हणशील. अगं, जन्मभर एकाच पट्टीत बोटं फिरवली, बाकीचं बटणाने सांभाळलं. दुसऱ्या पट्टीत गेलो की परक्याच्या स्वयंपाकघरात डबे शोधल्यासारखं होतं.

दुकानात नवा पाहून आलो. छान आहे, हलका आहे. पण आपली तीनशे गाणी त्यात जात नाहीत, एकेक पुन्हा भरावं लागेल. दुकानदाराने सहज विचारलं, कुणाच्या पट्टीत भरणार? शनिवारी सांगतो म्हणून सटकलो.

मग जुनाच दुरुस्त होतो का पाहू म्हणून मेकॅनिककडे नेला. त्याने उघडून आतून मूठभर धूळ आणि एक वाळलेलं झुरळ काढलं आणि म्हणाला, हे बटण कधीचं उड्या मारत असणार. ताई, मी दुकानातच टाळी वाजवली! दोन वर्षांपूर्वी तुझ्या निवृत्तीच्या निरोप समारंभात तुझं गाणं भलत्याच उंच पट्टीत सुरू झालं, अंतऱ्याला तुझा आवाज फाटला, तो म्हणजे याचाच प्रताप! घरी येऊन तुला तसं चार पानी पत्र लिहिलं. पाकिटावर पत्तासुद्धा घातला.

ते फाडून हे लिहितोय. कारण त्या दिवशी बटण शहाण्यासारखं चालत होतं. मीच घाईत ते दोनदा जास्त दाबलं. तुझा आवाज फाटला तेव्हा मी खाली पाहिलं, तर पट्टीचा आकडा दोनने जास्त, समोर दिसत होता. तरी माइकमध्ये म्हणालो, वय झालं की घसाही निवृत्त होतो. सगळं सभागृह हसलं. माझी चूक कुणाला कळू नये म्हणून मी लोकांना तुझ्यावर हसायला लावलं, ताई. तू गाणं पूर्ण केलंस, माइक खाली ठेवलास, आणि त्यानंतर कुठेच गायली नाहीस असं ऐकतो. त्या दिवशी तुझा घसा एकदम ठीक होता. नवा कीबोर्ड मी घेतोय. रविवारी संध्याकाळी सहाला त्याच सभागृहात कार्यक्रम आहे, बरीचशी माणसंही तीच. पहिल्या गाण्याआधी हे सगळं मी माइकमध्ये सांगणार आहे. तू गा म्हणून नाही बोलावत. मागच्या रांगेत बसून फक्त ऐकून जा.

तुझाच,
ठोक्या