सांतोसहून परतल्यावर

प्रिय जोआना,

इकडे शारजात, खोर फक्कानला परतून आठवडा झाला. फोनवर तुला ‘ट्रिप मजेत झाली’ एवढंच म्हणाले, कारण हॉटेलात ड्युटी चालू होती आणि पुढचं बोलायचा धीरही नव्हता. आज सुट्टी आहे, म्हणून निवांत बसलेय.

तू एवढी वर्षं शाळेत भूगोल शिकवलास, म्हणून आधी गाव सांगते. सांतोस ब्राझीलचं मोठं बंदर, पण शहर वसलंय बेटावर. मागे हिरवा डोंगर भिंतीसारखा उभा. किनाऱ्यावरच्या काही उंच इमारती चक्क कललेल्या. वाळूखाली मऊ चिखल आहे म्हणे. माझ्या लॅरिसाची बिल्डिंगही त्यातलीच. टेबलावर संत्रं ठेवलं की खिडकीकडे घरंगळतं, आणि जावई थियागो न बघताच ते झेलतो.

पोर्तुगीज तिथे उतरले ते आपल्या वसईत आले त्याच सुमारास. आपल्याकडून मराठ्यांनी त्यांना हुसकावलं, तिथे मात्र ते जवळजवळ तीनशे वर्षं ठाण मांडून बसले. बेकरीत मी घाबरत ‘पाव’ म्हटलं, तर बाईने हसून पावच दिला. चावीला ते ‘शावी’ म्हणतात. दूरच्या आतेकडे आल्यासारखं वाटलं गं.

लॅरिसा कॉफीच्या कंपनीत आहे. तिने मला जुना कॉफीबाजार दाखवला. आता तिथे म्युझियम आहे. रंगीत काचांचं छत, गोलाकार मांडलेल्या खुर्च्या. एकेकाळी इथे बसून कॉफीचे भाव ठरायचे. त्याच्याही आधी डोंगरापलीकडच्या मळ्यांत आफ्रिकेतून आणलेले गुलाम राबायचे. एका फोटोत खांद्यावर गोणी घेतलेले हमाल होते. खाली जहाजाचं नाव होतं, माणसांची नव्हती. लॅरिसा तिथून हलेचना. मी ‘यल्ला, चल, पाय दुखतायत’ म्हणत तिला बाहेर आणलं.

बंदरासमोरच्या बाकावर बसल्यावर ती बोलली. डिसेंबरमध्ये, सहाव्या महिन्यात, तिचं बाळ पोटातच गेलं. मुलगी होती. नाव ठरलं नव्हतं. आम्हाला दिवस गेल्याचंही सांगितलं नव्हतं. ईस्टरला सरप्राइज द्यायचं होतं म्हणे. मी तिचा हात धरून बसले. नंतरचे दिवस मी नुसता स्वयंपाक केला. ती दोन घास जास्त खायला लागली, थियागो संध्याकाळी लवकर घरी यायला लागला. निघताना एअरपोर्टवर, लहानपणापासून इंग्रजीतच उत्तर देणारी ती मराठीत म्हणाली, ‘मम्मी, थांब ना.’

जोआना, ऑगस्टमध्ये माझा इथला व्हिसा संपतोय. व्हिन्सेंट वारला, मी एकटी पडले, तेव्हापासून आपलं ठरलंय, की मग मी वसईला तुझ्याकडे यायचं. तू माझ्यासाठी मागची खोली रंगवून घेतलीस, हे मला तुझ्या डेरिककडून कळलं. पण मी येत नाहीये. मी सांतोसला जातेय, बहुतेक कायमची. चर्चमधून निघताना कुणाकडून तरी तुझ्या कानावर यायच्या आत मीच सांगायला हवं, म्हणून हे लिहिलं. चार दिवस रागाव. मग फोन कर, मी वाट बघतेय.

तुझीच,
रोझलिन