बारा मॉड्यूलचा बाप

रविवार, १६ नोव्हेंबर २०२५
आजपासून रोज लिहायचं. थोडंच. मी मुळात कमी बोलणारा माणूस आहे.

परीला सव्वा महिना झाला. ती आणि पल्लवी अजून तुकईथडला, पल्लवीच्या माहेरी. पहिलं बाळंतपण माहेरी होतं, ते ठीक. पण आता त्यांना बुऱ्हाणपूरला आणायला हवं, म्हणून सासूबाईंना फोन केला. सोजरबाई म्हणाल्या, "जावईबापू, तुमच्या घरात बाईमाणूस नाही. नातीले तेल कोण लावीन? पायावर घेऊन न्हाऊ कोण घालीन? तुमचे पप्पा?"

मी म्हणालो, मी घालीन.

तिकडून बराच वेळ काही आलं नाही. मला वाटलं नेटवर्क गेलं. मग कळलं, हसत होत्या. शेवटी म्हणाल्या, "पौष लागायच्या आत शिकून दाखवा अन् घेऊन जा. नाही तर पौष सरल्यावर पाहू."

पौष एकवीस डिसेंबरला लागतो. पाच आठवडे आहेत. बी.कॉम.चं पहिलं वर्ष मी पाच दिवसांत वाचलं होतं. (दोन विषय राहिले. पेपर अभ्यासक्रमाबाहेरचा होता.)

आई फेब्रुवारीत गेली. त्यावर लिहिण्यासारखं काही नाही. प्रश्न फक्त व्यवस्थेचा आहे. आई असती तर आंघोळ तिने घातली असती, आता दुसऱ्याने घालायची.

सोमवार, १७ नोव्हेंबर
केळीच्या व्यापाऱ्याच्या ऑफिसात मी कॉम्प्युटरवर बसतो. गोटू तिथेच ट्रक भरून घेतो. त्याचा मुलगा चार महिन्यांचा. गोटूने बातमी आणली की लोधीपुऱ्यात समाजाच्या हॉलमध्ये रविवारी एक वर्ग सुरू होतोय. फुकट. एक प्रतिभा मॅडम इंदूरहून येतात. बापांना शिकवतात.

रविवारी जायचं ठरवलं.

रविवार, २३ नोव्हेंबर
गेलो. हॉलच्या दारावर मोठं बॅनर होतं: "किशोर पिता वर्ग. एकोणीस वर्षांपर्यंतच्या वडिलांसाठी."

समोरच्या चहाच्या टपरीवर आम्ही सात जण उभे होतो. सगळे बाप. सगळे लग्नात एकवीस पूर्ण होते. आत कोण जाणार? दोन-दोन चहा झाले. एकाने विचारलं, भाई, तुझं काय वय? दुसरा म्हणाला, तेवीस चालू आहे, इथे सहज आलो. मिशी अजून फुटायची आहे त्याची. मॅडम बाहेर येऊन दोनदा रस्ता बघून गेल्या.

माझंही तेच. मी एकोणीस वर्षं नऊ महिन्यांचा. लग्नात एकवीस होतो. आईला दुखणं निघालं होतं आणि तिला सून बघायची घाई होती. तिने मुलीकडच्यांना वय तीन वर्षांनी वाढवून सांगितलं. शांतपणे सांगितलं, भाजीत मीठ टाकावं तसं. पल्लवी वीसची आहे. म्हणजे खरं पाहिलं तर ती मोठी. हे तुकईथडला कोणालाही माहीत नाही आणि माहीत होणारही नाही. या बाबतीत मी फार पक्का आहे.

निर्णय: ऑनलाइन.

सोमवार, २४ नोव्हेंबर
कोर्स सापडला. बारा मॉड्यूल, शेवटी सर्टिफिकेट. नाव नोंदवताना वय विचारलं. खरं भरलं. तिथे कोण बघतंय?

ऑनलाइनचे फायदे: टपरीवर उभं राहावं लागत नाही. थांबवता येतं. दीडपट वेगाने बघता येतं. ज्या बाळाला आंघोळ घालतात ते परदेशी आहे, शांत आहे, टबमध्ये बसून हसतं. परी माझीच मुलगी आहे, तीही शांत असणार.

शुक्रवार, २८ नोव्हेंबर
मॉड्यूल तीन: बाळाला कसं धरावं. सरावाला बाळ हवं. पल्लवीने सांगितलं होतं, परी तीन किलो नऊशे. ऑफिसच्या काट्यावर केळीच्या दोन फण्या ठेवल्या, चार किलो भरल्या. आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून घरी आणल्या. अर्धा तास खांद्यावर घेऊन फिरलो. मान सांभाळली. एकदाही पडू दिलं नाही.

पप्पा पेपर वाचत होते. चष्म्यावरून बघितलं आणि परत पेपर वाचू लागले. मला वाटतं त्यांना कौतुक वाटलं. आई गेल्यापासून आमच्यात एवढंच बोलणं असतं.

रविवार, ३० नोव्हेंबर
गोटू भेटला. प्रतिभा मॅडमनी बॅनर बदललं म्हणे. आता लिहिलंय "मोबाइल रिपेअरिंग, मोफत". अकरा जण आले. दार लावून घेतलं आणि रबराचं बाळ काढलं. गोटूने लंगोट बांधला. मला म्हणाला, "चल ना यार, एकदम मस्त है. रडायचं कसं थांबवायचं ते पुढच्या इतवारी सांगणार." मी म्हणालो, माझी सहा मॉड्यूल झाली. तो म्हणाला, "तू तो ऑनलाइन बाप है. पोरगी म्यूट पे रखेगा क्या?"

गोटूला शिक्षणाचं महत्त्व नाही.

मंगळवार, २ डिसेंबर
पप्पांनी बाळातली चार केळी खाल्ली. म्हणाले, पिकून काळी पडत होती, वाया गेली असती. उरलेलं वजन सरावाच्या कामाचं नाही. सराव स्थगित.

सोमवार, ८ डिसेंबर
दहा मॉड्यूल झाली. शेवटची तीन जेवताना बघितली. झोपेच्या मॉड्यूलला मला झोप लागली, म्हणजे ते परिणामकारक असावं.

पायावर घेऊन न्हाऊ घालण्याबद्दल कुठेच काही नाही. सगळीकडे टब. सर्चमध्ये "बाळ पाय आंघोळ" टाकलं तर पायाच्या भेगांचं मलम आलं. हरकत नाही. टब आणायचा. सासूबाईंनाही काळानुसार बदलावं लागेल.

शनिवार, १३ डिसेंबर
परीक्षा दिली. पंचवीसपैकी तेवीस. ब्याण्णव टक्के. सर्टिफिकेट लगेच आलं, सोनेरी बॉर्डरचं. पल्लवीच्या माहेरचा ग्रुप आहे, "तुकईथड परिवार", त्रेचाळीस सदस्य. तिथे मी आजवर फक्त नमस्काराचा हात पाठवला आहे. आज सर्टिफिकेट पाठवलं. खाली काही लिहिलं नाही. कागद स्वतः बोलतो.

रविवार, १४ डिसेंबर
त्रेचाळीसपैकी एकेचाळीस जणांनी बघितलं. एकानेही काही लिहिलं नाही. लोक भारावले असावेत. ब्याण्णव टक्के त्या घरात याआधी कोणाला पडले असतील असं वाटत नाही.

सोमवार, १५ डिसेंबर
पल्लवीचा फोन. म्हणाली, "तुम्ही वाचलं का ते, पाठवायच्या आधी?"

मी म्हणालो, नाव बरोबर आहे.

म्हणाली, नावाच्या खाली वाचा.

वाचलं. नावाच्या खाली नावापेक्षा मोठ्या अक्षरांत होतं: टीन फादर, वय १९.

डिलीट करायला गेलो. घाईत "फक्त माझ्यासाठी" दाबलं गेलं. माझ्या फोनवरून गेलं, बाकी सगळ्यांकडे आहे.

पल्लवीला विचारलं, तुला धक्का बसला का. म्हणाली, मला लग्नानंतर पंधरा दिवसांत कळलं, तुमची दहावीची मार्कशीट कपाटात माझ्याच साड्यांखाली होती. मी विचारलं, मग बोलली का नाहीस? म्हणाली, "आईंनी एवढं निगुतीने सांगितलेलं, मी कशाला मोडू?" आणि मग, "आता मम्मी म्हणते, एक पोर घेऊन दोन पोरं सांभाळायला माझी पोरगी पाठवू का."

विचार केला. स्वतः जायला हवं. समोर बसून प्रात्यक्षिक दाखवलं की वयाचा मुद्दा उरणार नाही.

गुरुवार, १८ डिसेंबर
तुकईथड. टब घेऊन आलो. बसमध्ये टब मांडीवर होता. बाजूच्या बाईने त्यात तिची मेथी ठेवली.

सासूबाईंनी वयाबद्दल एक शब्द काढला नाही. पाणी दिलं, जेवायला वाढलं. टबकडे बघून म्हणाल्या, "बरं झालं, म्हशीले आंबोण ठेवायले पाहिजेच होतं." उद्या सकाळी परीक्षा.

परीला घेतलं. मान सांभाळली. केळी इतकी हलत नाहीत.

शुक्रवार, १९ डिसेंबर
सकाळी नऊला न्हाणीत. मी जीन्स घालूनच बसलो, तर सासूबाईंनी सासऱ्यांचा पंचा फेकला. पाटावर बसून पाय लांब केले. माझ्या दोन पिंढऱ्यांमध्ये फट राहते. सासूबाई म्हणाल्या, "याच्यातून तर नात अलगद तापीत जाईन." फट कशी मिटवायची हे कोणत्याही मॉड्यूलमध्ये नाही. टाचा लांब, अंगठे जवळ. त्यांनी माझे अंगठे हाताने धरून जवळ केले.

परी तेलाने बुळबुळीत. मॉड्यूल पाचप्रमाणे दोन्ही हातांनी धरली. मग पाणी कोण ओतणार? एक हात सोडला तर ती घसरली. खाली सासूबाईंचा हात आधीच होता. परी एवढी रडली की सासरे गोठ्यातून पळत आले. मी तिला सांगितलं की रडणं ही बाळाची भाषा आहे. तिने ऐकलं नाही.

"कागद ढुंगण धुतो का, जावईबापू?" सासूबाईंनी विचारलं. मी नाही म्हणालो.

मग म्हणालो, आईने वय खोटं सांगितलं, त्यात तिची चूक नव्हती. एवढंच म्हणालो. हे मी ठरवलेलं नव्हतं.

सासूबाई पाणी ओतत होत्या. ओततच म्हणाल्या, "मले तेव्हाच ठाव होतं. साखरपुड्याच्या दिवशी तुमच्या आईनं मले चुलीपाशी बसवून सांगितलं. म्हणे, पोरगा अठराचा आहे, सोजरबाई. न बोलणारा आहे. मी राहिली तर मी शिकवीन, नाही राहिली तर तुम्ही शिकवा. म्हणून तर नात अडवून धरली. तुम्ही तर येतच नव्हते. कागद धाडता."

म्हणजे पल्लवीला माहीत होतं, सासूबाईंना माहीत होतं. पप्पांना अर्थात होतंच. इतके महिने हे गुपित मी कोणापासून सांभाळत होतो, याचा हिशेब लागत नाही.

निकाल: नापास. उद्या मी एकटाच परत. परवा पौष लागतो. पल्लवी आणि परी एकोणीस जानेवारीनंतर. तोवर दर रविवारी सकाळच्या पहिल्या गाडीने यायचं, पंचा सोबत आणायचा. सासूबाई म्हणाल्या, पोरगी तयार आहे, नात तयार आहे, जावई कच्चा आहे.

शेवटचे दोन तांबे त्यांनी माझ्या हातून ओतवले. तेवढ्यात माझ्या डोळ्यांत साबण गेला. दोन्ही डोळ्यांत. बराच वेळ पाणी थांबेना. परीच्या डोळ्यांत काही गेलं नाही. ती रडायची थांबून माझ्याकडे बघत होती. साबणाच्या वेष्टनावरचं मी नंतर नीट वाचलं. हा साबण डोळ्यांना झोंबत नाही असं लिहिलं आहे. कंपनीला कळवायला हवं.