हरकत क्रमांक सत्तेचाळीस

चिडलकोट,
मंगळवार, दुपारचा चहा आटोपून

तीर्थस्वरूप हेस्टरताईस धाकट्या क्लेमचा (वयाने धाकट्या, घेराने आता घरात मीच थोरला) मनापासून नमस्कार.

इकडे आम्ही सगळे ठणठणीत आहोत. आमच्या सौभाग्यवती डॉर्कसची कंबर पाऊस येणार असला की दुखते, आणि आपल्याकडे पाऊस कधी येणार नसतो, हे तुला सांगायला नको. कुत्रा म्हातारा झालाय, पण पोस्टमनवर भुंकण्याचं कर्तव्य बसल्या जागेवरून पार पाडतो. तुझा गुडघा कसा आहे? त्या ब्रिस्टलच्या इमारतीची लिफ्ट सुरू झाली की अजून तिसऱ्या मजल्यापर्यंत जिन्यानेच चढतेस? गेल्या पत्रात तू लिहिलं होतंस, की दूध आणायला उतरायचं तर आधी दोन दिवस मनाची तयारी करावी लागते. ते वाक्य मी डॉर्कसला वाचून दाखवलं. त्या दिवशी चहात दूध घालताना ती दोनदा थांबली.

तर ताई, गावात विकास आराखडा आलाय. तुझ्याकडेही पत्रक पोचलं असणारच, कारण गाव सोडून वीस वर्षं झाली तरी ऑड्रीने तुझं नाव यादीतून काढलेलं नाही. (ऑड्री स्क्विब म्हणजे आपल्या ग्रामपंचायतीची कारकून, आणि खरं विचारशील तर ग्रामपंचायतच.) वरून हुकूम असा, की चिडलकोटने बारा नव्या घरांसाठी जागा दाखवावी. गावाने पाच जागा काढल्या, त्यांना नंबर दिले आणि हरकती व सूचना मागवल्या. सूचना तीन आल्या, त्यातल्या दोन कुत्र्यांच्या घाणीबद्दल. हरकती मात्र दोन खोके भरून. पाचव्या नंबरची जागा म्हणजे आपलं खालचं कुरण. ते मी सहा वर्षांपूर्वी घेतलं हे तुला माहीत आहेच. तिथे एक, फक्त एक, बैठं घर बांधायची परवानगी मला हवी आहे. आराखड्यात ते कुरण राहिलं तर घर होईल; वगळलं गेलं तर ते कायमचं 'राखीव हिरवळ' होईल, आणि मग तिथे गाईलासुद्धा अर्ज करून बसावं लागेल.

आता तुझा भाऊ काही हातावर हात ठेवून बसणारा नाही. एक बादली आणि उसनी ढकलगाडी यांवर सुरुवात करून आज मैल्याच्या टाक्या उपसणारे चार टँकर पंचक्रोशीत फिरवतो, ते उगाच नाही. शनिवारी गावच्या हॉलमध्ये पाचही जागांचे नकाशे पाच फळ्यांवर टांगणार होते. लोकांनी यायचं, बघायचं, आणि जागा पसंत असेल तर फळ्यावर हिरवी टिकली लावायची, नापसंत असेल तर लाल. मी विचार केला, लोक उभे कुठे राहतात? जिथे खायला असतं तिथे. म्हणून भल्या सकाळी जाऊन, ऑड्री किल्ली शोधत होती तेवढ्यात, चहाचं टेबल मी पाचव्या फळ्याला खेटून लावलं आणि त्यावर डॉर्कसचा लिंबाचा केक मांडला. एक नाही, चार. (डॉर्कसला मी एवढंच सांगितलं होतं, की गावासाठी करतोय. ती म्हणाली, "तू गावासाठी काही करतोस तेव्हा मला गावाची काळजी वाटते.")

दहाला दार उघडलं आणि रांग लागली. आपल्या लोकांना तू ओळखतेस. रांग दिसली की उभं राहायचं, कशाची ते पुढे गेल्यावर कळतंच. पहिल्या चार फळ्यांपुढून माणसं अशी सरकली, जणू तिथे अनोळखी माणसाचा मृत्युलेख लावलाय. पाचव्यापाशी मात्र तोबा गर्दी! केक खाल्ला जात होता, बोटं चाटली जात होती, आणि टिकल्या फटाफट लागत होत्या. मी दाराशी उभा राहून सगळ्यांची विचारपूस करत होतो, पण कान तिकडे. "वा! क्या बात है!" "गेल्या वर्षीपेक्षा सरस!" "ओलसर, पण चिकट नाही!" आपल्या कुरणाचं असं वर्णन मी कधी ऐकलं नव्हतं, पण मतदाराचं मन मोडू नये म्हणून गप्प राहिलो.

साडेअकराला सेथ यँडल (तोच, गावच्या भाज्या-केकच्या प्रदर्शनात दरवर्षी दोन माणसांनी उचलायचा भोपळा आणणारा) मिशीला केक लागलेल्या अवस्थेत माझ्याकडे आला आणि पाठीवर अशी थाप मारली, की माझा चहा बशीत आला. म्हणाला, "क्लेम, लेका, लाल लावलीय! तीन लावल्यात! पहिला नंबर तुमचाच!"

ताई, मी फळ्याकडे धावलो. आपलं खालचं कुरण गोवर आल्यासारखं दिसत होतं. त्रेसष्ट टिकल्या, आणि झाडून सगळ्या लाल! आता सांग, दोष कुणाचा? तोच हॉल, तेच टेबल, तोच केक. ऑगस्टातल्या प्रदर्शनात पहिल्या बक्षिसाचं कार्ड लाल असतं, हे या लोकांच्या रक्तात शंभर वर्षं मुरलंय. तुझ्याच गूजबेरीच्या मुरंब्याची सात लाल कार्डं अजून आमच्या स्वयंपाकघरात टांगलेली आहेत. माणसांनी प्रामाणिकपणे केकला पहिला नंबर दिला आणि माझं घर पाडलं, बांधायच्या आधीच.

ऑड्रीने चष्मा वर करून मोजणी केली. हजेरीच्या वहीत सह्या एकेचाळीस, टिकल्या त्रेसष्ट. "मिस्टर पॉथेकरी," ती म्हणाली (लहानपणी ती मला 'क्लेम्या' म्हणायची, कारकुनीच्या खुर्चीत बसली की मिस्टर होतो), "हे मतदान आहे की खादाडी?" आणि तिने पाचही फळ्यांवरच्या टिकल्या रद्द केल्या. यापुढे फक्त लेखी हरकती धरायच्या. मी मनातल्या मनात तिला चारही केक बहाल केले. पण ते संपले होते.

पाचव्या जागेवर लेखी हरकती फक्त दोन होत्या. पहिली रुपर्ट फॅनशॉची. हा गृहस्थ अकरा वर्षांपूर्वी लंडनहून आला आणि त्याचं मत असं, की गावातलं शेवटचं योग्य घर त्याचं स्वतःचं. त्याने उभं राहून वाचून दाखवलं, की गावाच्या मैल्याच्या टाक्या आधीच तुडुंब आहेत, आणखी एका घराचा भार त्यांना सोसणार नाही. ताई, मला इतका आनंद झाला, की तो लपवायला मी खोकलो. गावात कोण किती देवभोळा हे पाद्रीबाबांना ठाऊक, कोण किती कर भरतो हे सरकारला ठाऊक. पण कोणत्या घरात खरोखर किती माणसं राहतात हे टाक्यांना ठाऊक, आणि टाक्या फक्त माझ्याशी बोलतात. मी अगदी नम्रपणे म्हणालो, "गावात तुडुंब टाकी एकच आहे, फॅनशॉसाहेब. ती तुमची. दोन माणसांची टाकी या उन्हाळ्यात मी चारदा उपसली. एक तर तुम्हा उभयतांची तब्येत डॉक्टरला दाखवा, नाहीतर मागच्या कोठारात शनिवार-रविवारी पैसे मोजून उतरणारी पाहुणेमंडळी ऑड्रीबाईंच्या कागदावर येऊ द्या." सगळ्या हॉलच्या माना फॅनशॉकडे वळल्या. मग सेथ मोठ्याने म्हणाला, "आयला! म्हणजे वास तिथून येतो होय!" फॅनशॉने हरकत घडी करून खिशात ठेवली, आणि मागे घेतल्याचं सही करून दिलं.

राहिली एक. हरकत क्रमांक सत्तेचाळीस, टपालाने आलेली, 'नाव जाहीर करू नये' अशी विनंती असलेली. ऑड्रीने ती वाचली, आणि ताई, काय लिहिलं होतं म्हणून सांगू! संध्याकाळच्या उन्हात त्या कुरणातून चर्चचा मनोरा कसा मधाच्या रंगाचा दिसतो. पिवळ्या फुलांतून चालत गेलं की बूट कसे हळदीचे होतात. आणि माणूस कुठेही राहायला गेला तरी डोळे मिटल्यावर राहायला एक जागा लागते, ती जागा कुणी विटांनी भरू नये. शेवटचं एक वाक्य दोरीबद्दल होतं, ते पुढे सांगतो. सेथने भोपळ्याएवढा रुमाल काढला. मी तर उभा राहून टाळ्या वाजवल्या. एकटाच. ऑड्रीने माझ्याकडे पाहिलं आणि थंडपणे म्हणाली, "मिस्टर पॉथेकरी, ही हरकत तुमच्याविरुद्ध आहे." मी म्हटलं, "असेल, पण लिहिलीय झकास."

तर परिस्थिती अशी. सत्तेचाळीस क्रमांकाच्या लेखकाने येत्या शुक्रवारी चारच्या आत हरकत लेखी मागे घेतली तर कुरण आराखड्यात राहील. नाहीतर कायमचं गेलं. ऑड्री नाव सांगत नाही. मी तिची टाकी फुकट उपसून देतो म्हणालो, तर तिने हाही प्रकार इतिवृत्तात नोंदवला.

बाकी सर्व क्षेम. गुडघ्याला जप. डॉर्कसचा नमस्कार आणि कुत्र्याचं भुंकणं.

तुझा,
क्लेम

ता. क. दोरीचं वाक्य राहिलं. 'त्या कुरणाच्या फाटकाला मी एकदा एका दरोडेखोराला बांधून चहाला घरी गेले आणि त्याला विसरले.' ताई, त्या दरोडेखोराला मी चांगला ओळखतो. तो पाच वर्षांचा होता, एक तास चाळीस मिनिटं बांधलेला होता, आणि त्याने ही गोष्ट आजवर कुणालाही सांगितलेली नाही. बांधणारीनेही सांगितली नसेल, तर जगात ती दोघांनाच माहीत आहे. तुला वाटलं असेल, भाऊ आता कुरणही कुणा फॅनशॉला विकून मोकळा होणार. मीही कुणाला बोललो नव्हतो, म्हणून तुला दोष नाही.

ता. क. २. ते बैठं घर मी विकायला बांधत नाहीये. त्याला एकही पायरी नाही. दारं रुंद आहेत, काठी घेऊन माणूस आडवा जाईल इतकी. स्वयंपाकघराची खिडकी मनोऱ्याकडे आहे, गूजबेरीची झुडपं दारात, आणि पिवळी फुलं आहेत तिथेच राहतील. दूध आणायला मनाची तयारी करावी लागणार नाही, ते मीच आणून देईन. डोळे मिटल्यावर राहायच्या जागेत डोळे उघडे ठेवून राहता आलं तर काय हरकत आहे?

ता. क. ३. हे सगळं वाचून डॉर्कस म्हणते, "नकाशा काढलास, खिडकी ठरवलीस, सगळ्या गावाला विचारलंस, आणि जिला राहायचंय तिला विचारलंस का?" मुद्दा बरोबर आहे, म्हणून आता रीतसर हरकती व सूचना मागवतो आहे. हरकत मागे घेण्याचा ऑड्रीचा कागद सोबत जोडलाय, त्यावर सही करून उलट टपाली पाठव. तिकीट लावलेलं आहे. पाकिटात दोन टिकल्याही आहेत, एक हिरवी आणि एक लाल. हवी ती कागदावर लाव. फक्त एक ध्यानात ठेव: लाल लावलीस तर मी पहिलं बक्षीस समजून शनिवारी पाया खणायला घेईन.