माझं कॉलेज उठलं

संहिता,

ऑफिसची कॅब खाली येऊन थांबलीय, म्हणून घाईत लिहितेय. उप्पीट कढईत झाकून ठेवलंय, गरम करून खा. नुसत्या कॉफीवर दिवस काढू नकोस.

कॉलेजची दुसरी यादी काल संध्याकाळी लागली. बाबा ती बघून उशिरा घरी आले. तुझं नाव नाही. तू झोपली होतीस, उठवावंसं वाटलं नाही. तिसरी यादी लागेल म्हणतात, पण बाबांनी विचारलं तेव्हा तिथल्या क्लार्कनं नाही अशी मान हलवली. तुझे ब्याण्णव टक्के काही कमी नाहीत गं. तिथं शहाण्णवलाच दार बंद झालं.

समोरच्या चंद्राअक्का विचारायला येतील. त्यांच्या कानडीत "सरी", बरं, बघू या, एवढंच म्हण आणि दार लाव. घरमालकांचा फोन उचलू नकोस. घर पुढं ठेवायचं का, ते विचारतायत. कॉलेज जवळ पडावं म्हणून व्हाइटफील्ड सोडून बसवनगुडीत आलो, आता बाबा परत जाऊ म्हणतात.

स्वयंपाकघराची खिडकी लावून घेतलीय. उकडलं तरी उघडू नकोस. कॉलेजची घंटा झाली की तू रोज "माझं कॉलेज उठलं" म्हणायचीस. आज तरी ती तुझ्या कानावर पडू नये, म्हणून लावली.

पहिली घंटा आत्ताच झाली. खिडकी बंद असूनही स्पष्ट ऐकू आली.

आई